अर्ध्या लिंबाएवढं पाखरू

पिशव्या मी नीट शिवल्या होत्या, तीच चूक झाली. शिवण आत, वरनं साफ, दोऱ्याचं टोक कुठं दिसणार न्हाय अशी.

भादवा होता. भादव्यात मिठागरात काम नसतं, पाऊस ओसरत येतो, वाफ्यांत घोट्याएवढं पाणी नि चिखल उरतो नि त्या चिखलावर खाडीची बारकी पाखरं येऊन बसतात. दरसाल येतात. आम्ही कधी मान वर करून बघितलं न्हाय, नावसुद्धा ठेवलं न्हाय त्यांना, सगळी आपली बारकी पाखरं. त्या साली मुंबईहून एक साहेब आले, म्हातारे, किडकिडीत, चश्मा लावलेले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मिठागराच्या चौकीत राहिले. ते ही पाखरं जाळ्यात धरायचे, पायात ॲल्युमिनची कडी घालायचे नि सोडून द्यायचे. धरायचं नि सोडायचं, मग खायचं काय, म्हणून गावात हसत होते.

माझ्या नवऱ्याला बांध सगळे ठाऊक, म्हणून बांबू रोवायला नि जाळी ताणायला साहेबांनी त्यालाच घेतलं. जाळी केसासारखी बारीक, उभ्या माणसाला दिसायची न्हाय. घरी येऊन हा सांगायचा, "सायेब पाखरांची लग्नं लावतोय, जोडवी घालतोय एकेकीला."

सासू चुलीपाशी होती. सासूला मी आत्या म्हणते. ती म्हणाली, "आपल्या पोरीच्या पायात वाळे न्हायत, नि पाखरांना जोडवी."

घरात पोरीचा विषय निघाला की आम्ही सगळीच गप्प व्हायचो.

पोर आषाढात झालेली, दिवस भरायच्या आधी, आठव्या महिन्यात. तिच्या आधीचा मुलगा नवव्या दिवशी गेला होता. ही बारा दिवस टिकली म्हणून बारसं केलं. आमच्यात बारशाला आधी वरवंटा धुऊन त्याला कुंची घालतात, पाळण्यात निजवतात, पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, म्हणजे पोर वरवंट्यासारखं घट्ट होतं. वरवंटा निजवला तेव्हा पाळण्याची दोरी करकरली. मग पोर निजवली, तेव्हा करकरली न्हाय. बायका गाणं म्हणत होत्या, त्यांना कळलं न्हाय, मला कळलं. त्या दिवसापासनं वरवंटा मी पाट्यावरनं काढून पाळण्याखाली ठेवला नि कोण बघत नसलं की आधी वरवंटा उचलायची, मग पोर उचलायची. रोज वरवंटा जड लागायचा. आत्याला सांगितलं, पाळण्याखाली असला की बरं असतं म्हणतात. ती शेजारनं वरवंटा मागून आणून वाटायची, नि माझ्याकडं बघायची.

तिलाही भीती होती. ती देवळात जाऊन पोरीसाठी कौल लावून आली होती. गुरवानं देवाच्या दोन खांद्यांना फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या, उजवी पडली तर बरं, डावी पडली तर बरं न्हाय. एकही पडली न्हाय. दुपार टळली तरी आत्या तिथंच बसून होती. शेवटी गुरव म्हणाला, देव आत्ता बोलत न्हाय, दसऱ्यानंतर या.

अशात नवऱ्यानं पिशव्यांचं काम आणलं. साहेबांना तळहाताएवढ्या कापडी पिशव्या पायजे होत्या, नाडी ओवलेल्या, पाखरू जाळ्यातनं काढलं की कडी घालेपर्यंत ठेवायला. जुन्या धोतराच्या मऊ कापडाच्या वीस शिवल्या. पोर मांडीवर नि सुई हातात.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, सूर्य नुकता वर आलेला, नवरा पळत घरी आला. पाखराचा पाय पिशवीत दोऱ्याला अडकलाय, साहेबांच्या हाताला कापरं हाय, आमची बोटं मिठानं फुटलेली, ओढलं तर मोडंल, तू चल. मी पोरीला पाजत होते. आत्या म्हणाली, बाळंतिणीनं पाखराला हात लावायचा न्हाय. आमच्याकडं दिवेलागणीनंतर पोराचं लंगोट बाहेर ठेवत न्हाईत, वरनं पाखरू गेलं, त्याची सावली पडली की पोर वाळत जातं. मला ते खरं वाटतं, आजपण वाटतं. पण तो मोडंल म्हणाला होता नि शिवलेलं माझं होतं. पोर आत्याकडं दिली नि सुई-कातर घेऊन धावत सुटले, बांधावर पाय घसरत होते, एकदा पडलेपण.

साहेब बांधावर बसले होते, पिशवी मांडीवर, दोन्ही हात वर धरलेले, जशी काय आत तापलेली कढई हाय. मी पिशवी उलटी केली. आतली शिवण, दोऱ्याचे तंतू, नि त्या तंतूंत काळा बारीक पाय गुंडाळलेला. पाय कुठला नि दोरा कुठला, कळेना. पाखराला धरायचं कसं हेपण ठाऊक नव्हतं, साहेबांनी दाखवलं, मान दोन बोटांच्या मध्ये, पाठ तळहाताला. मी धरलं.

काय सांगू. वजनच न्हाय. बाजारातलं कागदी लिंबू घेऊन मधनं कापलं, तर त्यातलं अर्धं. नि त्या अर्ध्या लिंबात असं धडधडत होतं की माझी बोटं थरथरत होती का ते, मला कळेना. ऊन होतं, अंगाला ताप असावा तसं. चोच सुईसारखी. डोळा काळा, नि त्यात बारीक अख्खं आभाळ, बांध नि मी. मी श्वास घेतला न्हाय. कातरीच्या टोकानं एकेक तंतू तोडला, एक, दुसरा, तिसरा, नि पाय सुटला. मोडला नव्हता. मग मला रडूच आलं, नवरा म्हणाला, आता रडतेस कशाला, सुटला ना.

रडू लाजेचं होतं. पोरीचं झबलं मी उलटं घालायची, शिवण बाहेर, तिच्या अंगाला टोचायला नको म्हणून. पाखराला पिशवीत घालणार हे ठाऊक असून मला ते सुचलं न्हाय. माणसाच्या डोळ्याला साफ दिसावं म्हणून शिवलं.

साहेब रागावले न्हाईत. म्हणाले, उलट्या करा, झालं. मग मी तिथंच बसले म्हणून त्यांनी माझ्यासमोर कडी घातली. भाताच्या तुसाएवढी कडी, चिमट्यानं पायाभोवती दाबली, सैल, वरखाली सरकंल अशी. कडीवर इंग्रजी अक्षरं नि आकडे. मग पिशवीत घालून बारक्या काट्याला टांगलं, पिशवीचं वजन वजा केलं, म्हणाले, "वीस ग्रॅम. फार हडकलंय." नि वहीत लिहिलं.

आजारी हाय का, मी विचारलं.

न्हाय म्हणाले, लांबनं आलंय. बोट उत्तरेकडं केलं. पेणचे डोंगर दाखवले, त्याच्या पल्याड, म्हणाले, हिमालय, त्याच्याही पल्याड, जिथं आषाढात सूर्य बुडतच न्हाय, झाडं न्हाईत, नुसतं शेवाळ नि वितळलेलं बर्फ, तिथं याचं घरटं. मी मान हलवली. मोठी माणसं सांगतात ते ऐकायचं. मग ते पाठीवरची पिसं बोटानं सारखी करत म्हणाले, "ही पांढरी काठ असलेली पिसं बघा, अजून एकही झिजलेलं नाही. हे यंदाचं पिल्लू आहे. आषाढात अंड्यातून निघालं."

मी विचारलं, "आईबरोबर आलं?"

"आई आधीच निघून जाते. हे मागाहून येतं, आपलं आपण."

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण त्यांचं तोंड थट्टेचं नव्हतं, तेच त्या पाखराकडं असे बघत होते जसे देवळात बघतात. आषाढातलं. माझ्या पोरीच्या वयाचं. तिची मान अजून धरत नव्हती, नि हे अर्ध्या लिंबाएवढं हिमालय ओलांडून आमच्या वाफ्यात उतरलं होतं, कुणी वाट दाखवली न्हाय, कुणी पाजलं न्हाय. बांध तोच, पाणी तेच, मी लग्न होऊन आल्यापासनं बघते ते, पण सगळं एकदम लांबपर्यंत उघडल्यासारखं वाटलं, मला बसल्या जागी गरगरलं.

"जगंल का ते?"

"इथं चिखलात खायला पुष्कळ आहे. पंधरा दिवसांत अंगावर चढतं त्यांच्या. परत जाळ्यात आलं तर वजन करून कळेल."

तेव्हा मी ते केलं. करायचं असं ठरवलं न्हाय, झालं. कडीवरचे शेवटचे तीन आकडे बघून घेतले. इंग्रजी आकडे मला येत न्हाईत, मी मराठी तिसरीतनं काढलेली, पण पहिला माशाच्या गळासारखा होता नि पुढचे दोन उलट्या खुर्च्यांसारखे, एकापुढं एक. गळ नि दोन खुर्च्या. मनात म्हटलं, देवा, तू देवळात बोलला न्हाईस, आता इथं बोल. साहेब दसऱ्याला जायच्या आत हे पाखरू परत जाळ्यात येऊ दे, भरलेलं येऊ दे, म्हणजे माझी पोर जगंल. नि न्हाय आलं तर, हे मी म्हटलं न्हाय, पण ते आपोआप मागनं आलं नि बसलं.

साहेबांनी पाखरू माझ्या हातात दिलं, सोडा म्हणाले. मी पाण्याच्या काठाला तळहात टेकला. ते उडालं न्हाय. तुरुतुरु पळत गेलं, थांबलं, नि चोच चिखलात घालून खायला लागलं. लगेच.

घरी आल्यावर आत्यानं मला उंबऱ्याबाहेर उभं केलं, हातपाय धुवायला लावले, मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या, मगच पोरीला हात लावू दिला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेले, नि तिसऱ्या, नि रोज. पिशव्या उलट्या करून दिल्या होत्या, आता तिथं माझं काम नव्हतं, म्हणून मी काम काढलं, जाळ्यातनं सोडवून पिशवीत घातलेली पाखरं साहेबांकडं न्यायची नि काढून द्यायची. माझी बोटं बारीक, साहेबांना बरं वाटलं. आत्याला न्हाय. "पोर सोडून पाखरं सांभाळतेय," म्हणाली, माझ्याशी न्हाय, चुलीशी बोलल्यासारखं. तिला काय सांगणार, की मी पोरीसाठीच जाते.

दरेक पिशवीत हात घातला की आधी पाय चाचपायची. कडी नसली की नवं. कडी असली की उजेडात धरून बघायची, गळ असायचा तर खुर्च्या नसायच्या. जुनी पाखरं परत यायला लागली होती. साहेब काट्याला लावायचे नि खूश व्हायचे, चोवीस, सव्वीस, बघा कसं भरलंय, पोटाची पिसं फुंकून दाखवायचे, कातडीखाली पिवळी चरबी. दुसऱ्यांची पाखरं भरत होती. माझं येत नव्हतं. घरी आले की वरवंटा, मग पोर. कधी वाटायचं जड झाली, कधी वाटायचं माझेच हात दमलेत.

पितृपंधरवडा संपला, घट बसले. एका सकाळी बांधावर मला पिसं दिसली. बारीक, पांढऱ्या काठाची, मूठभर, नि दोन पंख नुसते. ससाण्यानं खाल्लं होतं. मी खाली बसले नि चिखलात कडी शोधायला लागले. पाय न्हाईत, कडी न्हाय. चिखल पिळून काढला, कोपरापर्यंत हात घातले, लुगडं भिजलं, कधी साहेब मागं येऊन उभे राहिले कळलं न्हाय.

काय हरवलं, म्हणाले.

मग मी सांगून टाकलं. पाकळ्या, वरवंटा, गळ नि दोन खुर्च्या, आधीचा मुलगा, सगळं, मधी श्वास न घेता. हसतील, न्हायतर रागावतील, अडाणी म्हणतील, असं वाटत होतं. ते माझ्याशेजारी चिखलात उकिडवे बसले, नि त्यांनीपण हात घालून शोधलं. बराच वेळ. काही सापडलं न्हाय.

उठताना ते एवढंच म्हणाले, "बाई, ती कडी घालताना मी दहादा विचार करतो, पाखराला जड होईल का. तुम्ही त्याच्यावर अख्खी पोर ठेवली."

मला राग आला, खरं सांगते. त्यांना काय जातंय. पण घरी जाताना ते मनात राहिलं.

दसऱ्याला ते गेले. बांबू उपटले, जाळ्या गुंडाळल्या. माझं पाखरू आलं न्हाय. आत्या देवळात जाते म्हणाली, तर मीच जाऊ दिलं न्हाय, आता नको म्हटलं, ती डावी पाकळी मला बघायचीच नव्हती. मार्गशीर्षात पोरीला खोकला झाला, छाती भात्यासारखी व्हायची. आत्या नि मी पाळीपाळीनं तिला उभी धरून बसायचो, ओव्याची धुरी, एरंडाचं पान शेकून छातीला. मी रोज म्हणायची, आज. आज न्हाय गेली, उद्या. असं करत माघ आला, वाफ्यांत मीठ पांढरं व्हायला लागलं, नि पोरीनं मान धरली, उशिरा, पण धरली. पाखरं कधी निघून गेली बघितलंच न्हाय. चैत्रात वाफे रिकामे दिसले.

परत भादवा आला नि साहेब आले. या खेपेला पिशव्या मी आधीच शिवून ठेवल्या होत्या, शिवण बाहेर. पोर खाट धरून उभी राहायची, पण किरकोळ, हाडं दिसायची, बायका विचारायच्या, आजारी असते का गं. वरवंटा पाळण्याखालीच होता. ती वरवंट्यापेक्षा जड झाली होती, पण मला खात्री वाटायची न्हाय, मग मी वरवंटा नि वर पितळेचा तांब्या असं उचलायला लागले होते. भीतीला काही पुरत न्हाय.

चवथ्या दिवशी सकाळी मी एका पिशवीत हात घातला, पाय चाचपला, कडी लागली. आदल्या दिवशीचंच असंल म्हणून उजेडात धरलं. गळ. खुर्ची. खुर्ची.

मी हाक मारली म्हणे, नवरा दोन वाफ्यांपलीकडनं धावत आला, पाय मोडला का म्हणत. मला आठवत न्हाय. मला एवढंच आठवतं की मी बांधावर बसले, नि ते माझ्या तळहातात होतं, तसंच ऊन, तसंच धडधडत. आता पिसांचे काठ पांढरे नव्हते, झिजलेले होते, मोठ्या पाखरासारखे. साहेबांनी चश्मा पुसून आकडे वाचले, वही काढली, गेल्या सालचं पान काढलं, नि आकडे दोनदा जुळवून बघितले. मग नवऱ्याला म्हणाले, हे तिकडं जाऊन आलं. बर्फात जाऊन, परत. ह्याच बांधावर. नवरा, जो जोडव्यांवर हसायचा, त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. का काढलं, त्यालापण ठाऊक नसंल.

मग काट्याला लावलं. मी बघत होते साहेबांच्या तोंडाकडं. "एकोणीस," म्हणाले.

गेल्या सालापेक्षा कमी. मी भरलेलं मागितलं होतं. सगळं वर्ष थांबून देव आता बोलला नि हे बोलला. मी म्हटलं, "म्हणजे न्हाय भरलं."

साहेबांना लगेच कळलं मी काय बोलते ते. ते जवळ आले. "अहो, भरलं म्हणून तर तिथवर गेलं. भरल्याशिवाय एकालाही डोंगर ओलांडता येत नाही. आत्ता जे नाही, ते वाटेत खर्च करून आलंय. काल-परवा उतरलं असेल. हडकलेलं आहे म्हणजे ते मरायला टेकलंय असं नाही, ते नुकतं पोचलंय."

नुकतं पोचलंय. मी तेच तोंडात घोळवत राहिले.

मी म्हटलं मी सोडते. काठाला हात टेकला. ते उतरलं, तुरुतुरु पळालं, दहा पावलांवर थांबलं नि चोच चिखलात घालून खायला लागलं, जसं काय मधलं वर्ष झालंच न्हाय. मला वाटलं होतं ते माझ्याकडं बघंल. कशाला बघंल? त्याला भूक होती. ऊन वर चढेपर्यंत मी तिथं बसून त्याला खाताना बघितलं, नि मला काही मागावंसं वाटलं न्हाय, ते माझं पहिल्यांदा झालं.

घरी आले तर आत्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मी हातपाय धुतले. पोर चुलीपाशी बसून मऊ भात खात होती, खात काय, अर्धा तोंडाला, अर्धा जमिनीला, हाडकुळा हात ताटलीत, सगळा जीव त्या ताटलीत. आत्याला म्हटलं, पाखरू आलं. तिला आधीचं काही मी सांगितलं नव्हतं, तरी तिनं कुठलं म्हणून विचारलं न्हाय. नवऱ्यानं सांगितलं असंल, न्हायतर तिला ठाऊकच असंल. "कसं हाय?" म्हणाली.

मी म्हटलं, "बारीक हाय. पण खातंय."

आत्या पोरीकडं बघत म्हणाली, "खातंय तर झालं."

तो कौल उजवा का डावा, मला अजून सांगता येत न्हाय. भीती गेली असंपण न्हाय, आता पोरीला तिसरं लागलंय, तरी ती जास्त वेळ झोपली की मी नाकाशी बोट धरते. पण त्या दिवशी मी पाळण्याखाली हात घालून वरवंटा काढला. रोज उचलून माझ्या हाताचा मळ बसला होता, धुतला, नि पाट्यावर नेऊन ठेवला. आत्यानं पाट्यावर मिरच्या घेतल्या नि वाटायला बसली.